पुरस्काराचे व्यासपीठ आणि आपली कसोटी

(जयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या वर्षी आम्ही मधुमेह व रक्तदाब यांवर बोलू नये, अशी प्रेमळ अट कार्यकारिणीने आम्हांस घातली आहे. इतकी वर्षे आपण आमचा तो उपदेश ऐकलात आणि त्यानंतरच्या भोजनात जिलेबीही तितक्याच आनंदाने घेतलीत. तेव्हा ही अट रास्तच म्हणावी लागेल. म्हणून आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यांत नामवंत कलावंत राजकीय व सामाजिक विधाने करतात. त्या विधानांचे मोल काय आणि ती ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांचे कर्तव्य काय, असा हा विषय आहे.

विषय करमणुकीचा वाटेल, पण तो आपल्या घरात शिरलेला आहे. कार्यकारिणीच्या एका बैठकीत आपल्या तरुण सभासदांनी सूचना मांडली की, जाहीर व्यासपीठावरून 'जयभीम' म्हणणाऱ्या एखाद्या चित्रपट कलावंतास जयंतीचा प्रमुख पाहुणा म्हणून बोलवावे. त्यासाठी येणारा खर्च आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या वार्षिक रकमेहून अधिक होता. आम्ही विरोध केला. शब्द वाढले. एक तरुण आम्हांस म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्हांला आमच्या पिढीचे दुःखच कळत नाही." ते वाक्य आम्ही घरी घेऊन गेलो. आजचे भाषण हे त्या तरुणास द्यावयाचे उत्तर आहे, आणि काही अंशी त्याच्यापुढे दिलेली कबुलीही आहे.

प्रथम कबुली देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'द केरला स्टोरी' या हिंदी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. केरळातील बत्तीस हजार मुलींचे धर्मांतर करून त्यांना दहशतवादी संघटनेच्या हाती दिले गेले, असा दावा तीत होता. ती चित्रफीत आमच्या भ्रमणध्वनीवर आली आणि आम्ही ती आमच्या कुटुंबाच्या व मित्रांच्या समूहांत पुढे धाडून दिली. रक्ताचा अहवाल हाती आल्याशिवाय साधी गोळी न लिहिणारे आम्ही. पण बत्तीस हजार हा आकडा आला कोठून, असा प्रश्न आम्हांस पडला नाही.

आमच्यासोबत काम करणाऱ्या एका केरळी परिचारिकेपर्यंत ती चित्रफीत कोणा सहकाऱ्यामार्फत पोहोचली. या बाई मुस्लिम आहेत. रात्रपाळीत आमच्या चुका सांभाळून घेणाऱ्या, रमझानमध्ये उपवास असतानाही रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या. त्या आम्हांस शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या बाबासाहेबांची भूमिका आमच्या मम्मूट्टीने केली होती ना? मग आमच्याविषयी कोणी काही सांगितले, तर तुम्ही निदान आम्हांला विचारायचे होते." आमच्यापाशी उत्तर नव्हते. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटातील भूमिकेसाठी मम्मूट्टी यांना १९९८ सालच्या, म्हणजे ४६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान अजय देवगण यांच्यासमवेत विभागून मिळाला, हे आम्ही आपल्या मुलांना अभिमानाने सांगत आलो. बाबासाहेबांना पडद्यावर उभे करणारा तो माणूस केरळचा व मुस्लिम आहे, ही गोष्ट मात्र ती चित्रफीत पुढे धाडताना आम्हांस आठवली नाही.

आता आपल्या दाराशी घडलेल्या प्रसंगाकडे वळू. आयफा या नावाने ओळखला जाणारा हिंदी चित्रपटांचा पुरस्कार सोहळा २००६ साली दुबईत झाला आणि २०२२, २०२३ व २०२४ अशी सलग तीन वर्षे अबू धाबीच्या यास बेटावर भरला. मे २०२३ मधील सोहळ्यात कमल हासन यांचा भारतीय चित्रपटसृष्टीतील कामगिरीबद्दल गौरव झाला. त्या निमित्ताने ते अबू धाबीत असताना पत्रकारांनी त्यांना 'द केरला स्टोरी'विषयी विचारले. आपण प्रचारपटांच्या विरोधात आहोत. चित्रपटाच्या बोधचिन्हाखाली 'सत्यकथा' असे लिहिल्याने तो खरा ठरत नाही, तो मुळात खरा असावा लागतो आणि हा तसा नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

या विधानावर टाळ्याही पडल्या आणि शिव्याही पडल्या. आपण दोन्ही बाजूंस ठेवू आणि वैद्यकाच्या रीतीने पाहू. चित्रपट ५ मे २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधीच निर्मात्यांनी बत्तीस हजारांचा उल्लेख बदलून तीन मुलींची कथा असा केला होता. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील बंदीस स्थगिती दिली, आणि त्याच वेळी, बत्तीस हजार या आकड्यास कोणताही अधिकृत आधार नाही व चित्रपट हे घटनांचे कल्पित रूप आहे, अशी सूचना चित्रपटासोबत दाखविण्याची निर्मात्यांची हमी नोंदवून घेतली. म्हणजे चित्रपट दाखविण्याचे स्वातंत्र्यही टिकले आणि आकड्याचे पितळही उघडे पडले. आम्हांस हा निर्णय दोन्ही अंगांनी योग्य वाटतो. कमल हासन यांच्या शब्दांमागे हा आधार होता, म्हणून ते शब्द आम्ही मानतो. ते थोर नट आहेत म्हणून मानीत नाही. ते २०१८ पासून एका राजकीय पक्षाचे संस्थापक आहेत आणि जुलै २०२५ मध्ये राज्यसभेचे सदस्यही झाले, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे बोलणे ऐकले पाहिजे. त्यांचे बोलणे खरे ठरले ते न्यायालयातील नोंदीने, त्यांच्या कीर्तीने नव्हे.

या कथेस पुढचा अध्याय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, आणि याच चित्रपटास सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा व छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. पुरस्कार सोहळ्यात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू इच्छितो, की राजकारण केवळ पुरस्कार घेणाऱ्याच्या भाषणातच असते काय? पुरस्कार कोणास दिला, कोणास दिला नाही, कोणास कोठे बसविले, हीदेखील विधानेच असतात. ती मुकाट्याने केली जातात, म्हणून आपल्या ध्यानात येत नाहीत.

कोठे बसविले, याचा अर्थ आपल्या समाजास समजावून सांगावा लागत नाही. पंगत म्हणजे काय, हे आपल्या आजोबांनी अंगणाबाहेर बसून अनुभवले आहे. २९ फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका हॉटेलात ऑस्कर सोहळा झाला. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातील भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीस पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री त्यांना त्यांच्या सहकलाकारांच्या मेजावर जागा नव्हती. त्यांना भिंतीकडेच्या निराळ्या मेजावर बसविण्यात आले होते. मान दिला आणि पंगत मात्र वेगळीच ठेवली. त्यांनी त्या रात्री कृतज्ञतेचे विनम्र भाषण केले. त्यांनी बंडाचे भाषण का केले नाही, असे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याच्या पायाखालची जमीन कोणत्याही क्षणी काढून घेतली जाऊ शकते, त्याचे मौन आणि ज्याच्यापाशी सर्व काही आहे त्याचे मौन, ही एका तराजूत तोलावयाची नसतात.

२७ मार्च १९७३ चा ऑस्कर सोहळा तर आजही चर्चेत असतो. 'द गॉडफादर'साठी मार्लन ब्रँडो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला. ते स्वतः आले नाहीत. त्यांच्या वतीने साशीन लिटलफेदर ही तरुणी आदिवासी वेषात व्यासपीठावर आली आणि अमेरिकन चित्रपटांत मूळनिवासींचे जे चित्रण होते त्याच्या निषेधार्थ ब्रँडो हा पुरस्कार नाकारीत आहेत, असे तिने सांगितले. त्याच दिवसांत साउथ डकोटा प्रांतातील वुंडेड नी येथे मूळनिवासी आंदोलकांना शासकीय शस्त्रधारी दलांनी वेढा घातला होता. तिने त्याचाही उल्लेख केला. सभागृहात काहींनी टाळ्या वाजविल्या, काहींनी हुर्यो केली. ऑस्कर देणाऱ्या संस्थेने तिची क्षमा मागितली ती २०२२ साली, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी तिचे निधन झाले, आणि त्यानंतर तिच्या बहिणींनीच जाहीर केले की, आमचे घराणे मूळनिवासी नव्हतेच.

आता आपण काय म्हणावे? वुंडेड नीचा वेढा खरा होता. चित्रपटांतील विटंबना खरी होती. पण त्या समाजाच्या नावाने बोलणारी व्यक्ती त्या समाजाची होती की नव्हती, यावरच वाद उभा राहिला. आम्हांस यातून दोन बोध घ्यावेसे वाटतात. सांगणाऱ्याविषयी शंका आली म्हणून सांगितलेले सत्य टाकून देऊ नये. आणि सत्य सांगितले म्हणून सांगणाऱ्याच्या पायाशी बसू नये. शिवाय ब्रँडो यांच्या निषेधाची किंमत कोणी मोजली? हुर्यो त्या मुलीस ऐकावी लागली. ब्रँडो यांचे काम पुढेही चालू राहिले.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. १९९६ साली पहिला 'महाराष्ट्रभूषण' पुरस्कार पु. ल. देशपांडे यांना शिवसेना-भाजप युतीच्या शासनाने दिला. पु. ल. हे लेखक तर होतेच, शिवाय नट, संगीतकार व चित्रपट दिग्दर्शकही होते. पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या भाषणात त्यांनी लोकशाहीच्या जागी ठोकशाहीची भाषा होते याविषयी खेद व्यक्त केला. शिवसेनाप्रमुखांनी त्यांच्यावर जाहीर व कडवट टीका केली. ज्याने हार घातला त्याच्याच समोर, वयोवृद्ध व आजारी असताना, अप्रिय बोलणे यास धैर्य लागते. पु. लं.च्या साहित्यात आपल्या समाजाचे जग फारसे येत नाही, ही तक्रार आपल्या अनेक वाचकांची आहे व आमचीही आहे. पण ते धैर्य आम्ही मान्य करतो.

याउलट ३ मे २०१८ चा प्रसंग पाहा. ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपतींच्या हस्ते केवळ अकराच पुरस्कार दिले जातील व उर्वरित मंत्र्यांच्या हस्ते, असे ऐनवेळी सांगण्यात आले, तेव्हा पन्नासहून अधिक विजेते समारंभास गेले नाहीत. त्यांची व्यथा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण कोणाच्या हस्ते, या प्रश्नावर जे एकत्र येऊ शकतात, ते कोणाच्या जीवितासाठी, या प्रश्नावर इतक्या संख्येने एकत्र आल्याचे आम्हांस आठवत नाही.

आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, वैद्यकीय शिक्षण घेत होतो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा रस्त्यावर नाचणाऱ्यांत आम्हीही होतो. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. मधली सोळा वर्षे लढ्यात गेली. पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्या लढ्यास कोणत्याही सोहळ्यातील प्रकाशझोत लाभला नव्हता. आपला इतिहास कोणा नटाच्या एका वाक्यावर उभा राहिलेला नाही, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

परंतु कलावंत काहीच करीत नाहीत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. डॉ. श्रीराम लागू हे आमच्याच व्यवसायातले, कान-नाक-घसा यांचे शल्यचिकित्सक. देवाला निवृत्त करा, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. निळू फुले हे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत मोठे झालेले, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले कलावंत. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि या कलावंतांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नामवंत नटनट्यांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून त्यासाठी पैसा जमविला. हेतू असा की, पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यास दरमहा थोडे मानधन मिळावे. यास आम्ही विधानाचे उत्तम रूप म्हणतो. वाक्य बोलून झाल्यावर ज्याचे हात कामास लागतात, त्याच्या वाक्यास वजन येते.

आता त्या तरुणाच्या वाक्याकडे येतो. डॉक्टरकाकांना आमच्या पिढीचे दुःख कळत नाही, असे तो म्हणाला. आम्ही विचार केला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आढळले. आम्ही गावच्या वस्तीत वाढलो. जयभीम हा शब्द आमच्या कानांवर झोपेतही पडत होता. येथे जन्मलेली मुले पन्नास देशांच्या मुलांत शिकतात. 'तुमचे आडनाव काय, म्हणजे तुम्ही नेमके कोण', हा प्रश्न त्यांना परका अरब विचारीत नाही. आपल्याच देशातून आलेला शेजारी विचारतो. आमच्या कन्येने एकदा शाळेत त्या प्रश्नाचे उत्तर टाळले होते, हे आम्हांस तिने कित्येक वर्षांनी सांगितले. पुढे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला. पडद्यावर जयंतीची मिरवणूक, बाबासाहेबांची भव्य प्रतिमा आणि तिच्यासमोर अमिताभ बच्चन उभे, हे पाहून ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, हे आपलेच आहे ना?" ज्या गोष्टीसाठी आमच्या व्याख्यानांस वीस वर्षे अपुरी पडली, ती एका दृश्याने केली. तेव्हा आमचा विरोध त्या तरुणाच्या आनंदास नव्हता, हे आज आम्ही येथे स्पष्ट करतो. बैठकीत आमचा स्वर चढला होता, त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त करतो.

मात्र शिष्यवृत्तीविषयीचा आमचा आग्रह कायम आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती, आणि वृत्तपत्रे विभूती घडविण्याचा धंदा करीत आहेत, असे बजावले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी सांगितले की, राजकारणातील भक्ती ही अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. जो पुरुष स्वतःची भक्ती नको म्हणाला, त्याच्या जयंतीस आपण नटाची भक्ती करावी काय?

ऐकण्याची कसोटी तथागतांनी घालून दिली आहे. कालामांना ते म्हणाले की, केवळ परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. आणि अभय राजकुमारास सांगितले की, बोलणे सत्य असावे, हितकारक असावे, आणि अप्रिय असेल तर योग्य वेळ पाहून बोलावे. पुढच्या वेळी एखाद्या सोहळ्यातील विधान आपल्या भ्रमणध्वनीवर येईल, तेव्हा हे तीन प्रश्न विचारावेत. आणि वैद्य म्हणून आम्ही चौथा जोडतो: बोलून झाल्यावर या माणसाने काय केले?

या देशात आपण पाहुणे आहोत. येथील शासनाने २०१५ साली काढलेल्या कायद्याने धर्म, वंश, वर्ण यांच्याबरोबर जातीवरून होणारा भेदभावही गुन्हा ठरविला, तसेच समाजमाध्यमांतून द्वेष पसरविणेही. २०२३ साली त्याच्या जागी सुधारित कायदा आला. परक्या भूमीतील कायद्यात आपल्या दुःखाचे नाव यावे, ही मोठी गोष्ट होय. पण जो कायदा आपले रक्षण करतो, तोच आपल्या बोटांवरही बंधन घालतो. आम्ही ती चित्रफीत पुढे धाडली तेव्हा आम्ही कोणी नामवंत नव्हतो. तरीही एका स्त्रीस तिच्याच कामाच्या ठिकाणी मान खाली घालावी लागली. म्हणजे व्यासपीठ आपल्याही हातात आहे.

आम्ही त्या परिचारिकेची क्षमा मागितली. ज्या समूहांत ती चित्रफीत धाडली होती, त्या प्रत्येक समूहात न्यायालयातील नोंद धाडून आपली चूक लिहिली. दोघा नातलगांनी आमच्याशी बोलणे सोडले, एकाने मात्र रात्री दूरध्वनी करून विचारले, "भाऊ, मग आम्हीही आमच्या समूहात लिहू काय?"

त्या तरुण मित्रास आमची एक सूचना आहे. कलावंत बोलवावयाचा असेल, तर बोलवावा. मात्र त्यास पाहुणा म्हणून न बोलविता शिष्यवृत्ती निधीसाठी प्रयोग करावयास बोलवावे. तिकिटे आम्ही विकू. पहिले तिकीट त्या केरळी भगिनीस द्यावयाचे आहे. त्याचे पैसे आम्ही आजच खजिनदारांपाशी जमा करीत आहोत.